सात जणी, एक कूलर आणि तुझी राखण

रूथ,

तुझ्या पेटीवर आलेली पुष्पचक्रं मी आणि आपल्या शबानानं कबरस्तानाच्या भिंतीशी बसून सोडवली. थर्मोकोलच्या कड्या, त्यावर गुंडाळलेल्या चमकत्या पट्ट्या, प्लास्टिकच्या पिशव्या, तारा. फुलं एका बाजूला, बाकीचं सगळं पोत्यात. लोक अजून गेले नव्हते. तुमच्या चर्चच्या मंडळीतले एक वयस्क काका बराच वेळ आमच्याकडे पाहत होते. शेवटी त्यांच्यानं राहवलं नाही.

"बाई, हे काय करून राहिल्या तुमी? मानसं उभे हायेत अजून."

शबानानं मान वर केली नाही. डोळे सुजलेले, हातात तार. म्हणाली, "चाचा, आमी नाई केलं तर ती उठून करन."

काकांनी खिशातून रुमाल काढून डोळे पुसले आणि आमच्याशेजारी उकिडवे बसून दोरे तोडू लागले.

तुझ्यावर माती पडली तेव्हा मी रडले नव्हते. त्या काकांची बोटं दोऱ्याशी झटताना पाहिली तेव्हा रडले.

लोक विचारत होते, तू हिची कोण? नातेवाईक तर मी दिसत नव्हते. मी सांगितलं, आम्ही अमरावतीला एका घरात राहायचो. एवढ्यानं काय कळणार त्यांना! पण त्याहून नेमकं काही सुचलं नाही.

चर्चच्या आवारातलं ते कौलारू घर. गावोगावहून शिकायला येणाऱ्या मुलींसाठी मंडळीनं उघडलेलं. मुलगी कोणत्याही धर्माची चाले. अट एकच होती, स्वयंपाकापासून संडास धुण्यापर्यंत सगळं काम सगळ्यांनी वाटून करायचं. मी शेंदूरजनाघाटहून आले तेव्हा बाबांनी सोबत संत्र्यांचं पोतं दिलं होतं. नव्या मैत्रिणी जोडायला त्याहून चांगलं काय? ओट्यावर बसून आम्ही खात होतो आणि मी सालं सरळ कंपाउंडच्या भिंतीवरून पलीकडे फेकत होते. आमच्या वावरात संत्र्याचं साल कुठं पडतं याचा कुणी विचार करत नाही.

तू उठलीस, फाटकातून बाहेर गेलीस आणि ओंजळभर सालं घेऊन परत आलीस. माझ्यापुढं ठेवलीस.

"भिंतीच्या पलीकडे पन लोक राहतात व," एवढंच म्हणालीस.

ते तुझं मला उद्देशून पहिलं वाक्य. मला इतका राग आला की मी पुढचे काही दिवस तुझ्याशी बोलले नाही. तू दोन वर्षांनी मोठी, अकोल्याच्या जठारपेठेतली, नर्सबाईची मुलगी, आणि घराची थोरली म्हणून नेमलेली. मला वाटलं, झाली हिची मास्तरकी सुरू.

मास्तरकी होतीच. कपडे धुतलेलं पाणी पपईला, भाज्यांचे देठ खड्ड्यात, शिळी पोळी कुस्करून सकाळी तिखट-मीठ लावून सगळ्यांपुढं. पण तू ते निसर्ग-निसर्ग करत कधी केलं नाहीस. झाडांवर तुझं असं काही प्रेम ऊतू जात नव्हतं. पपईला तू "मेली" म्हणायचीस. मी एकदा विचारलं, मग हे सगळं काहून करतेस? तेव्हा तू शास्त्रातली, म्हणजे तुमच्या बायबलातली, बागेची गोष्ट सांगितलीस. देवानं माणसाला बागेत ठेवलं ते मशागत करायला आणि राखण करायला. बाग त्याच्या नावावर करून दिली नाही.

"मंजे जागल्या?" मी विचारलं. आमच्याकडे पिकाची राखण करायला रात्री वावरात जातो तो जागल्या. पीक मालकाचं, जाग त्याची.

तू कणीक मळता मळता थांबलीस. "जागल्या! आमच्या चर्चच्या पाळकसाहेबाईले इतक्या वर्षांत हा शब्द नाई सापडला."

पुढच्या रविवारी संध्याकाळच्या प्रार्थनेत तू तो शब्द वापरलास आणि माझं नाव घेऊन वापरलास. मी हिंदू, प्रार्थनेला न येणारी, स्वयंपाकघरात भाजी चिरत होते. दारातून माझं नाव ऐकलं आणि चाकू खाली ठेवला. आपलं म्हणणं कुणाच्या तरी देवापर्यंत पोचलं, असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

तरी आपली खरी ओळख कूलरमुळे झाली.

आपल्याकडचा उन्हाळा बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. दुपारी दाराची कडी धरवत नाही आणि नेमक्या त्याच दिवसांत युनिव्हर्सिटीची परीक्षा. घरात चार खोल्या, चार कूलर. नळ एक दिवसाआड. कूलर पाणी असे प्यायचे की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टाकी खडखडीत. मग आंघोळीला रांग, भांड्यांवरून तंटा. भिंतीपलीकडच्या वस्तीत तर नळाचं पाणी शेवटी पोचायचं, पोचलं तर. तिथल्या बाया हंडे घेऊन आपल्या फाटकाशी यायच्या आणि आपण सांगायचो, आमच्याकडेच नाही.

तू एका सकाळी चहाच्या वेळी म्हणालीस, मोठ्या खोलीत एकच कूलर लावू. सगळ्या तिथंच झोपू, तिथंच अभ्यास करू.

"पागल झाली का?" शबाना ओरडली. ती अचलपूरची, मोठ्यानं वाचल्याशिवाय तिच्या डोक्यात काही शिरत नसे. मला उजेडात झोप येत नसे. एकीला पंख्याचा आवाज चालत नसे. सहा जणींनी सहा कारणं सांगितली. तू जोर केला नाहीस. फक्त आपल्या एकटीच्या खोलीतला कूलर बंद केलास आणि ओली चादर अंगावर घेऊन पुस्तक उघडलंस.

ते आम्हाला जोर केल्याहून जड गेलं. शेजारच्या खोलीत तू घामानं निथळत पडलेली, आणि इकडं आम्ही गार हवेत. अभ्यासात लक्ष लागेना. तिसऱ्या दिवशी तुझे ओठ कोरडे पडलेले पाहिले आणि माझा तोल गेला.

"हे तू आमच्यावर करून राहिली," मी म्हटलं. "पान्यासाठी नाई. तू उपाशी बसतेस अन् आमचा घास आमाले लागू देत नाईस. तुह्या देवाले हे आवडते का?"

मला वाटलं, तू आता शास्त्र काढशील. तू ओली चादर बाजूला केलीस. मग म्हणालीस, "खरं हाय. मले चांगलं मानूस व्हाची हौस सुटली."

आणि उठून कूलरचं बटन दाबलंस.

रूथ, त्या बटनाच्या आवाजाबद्दल मी तुझी जितकी ऋणी आहे तितकी तुझ्या कुठल्याच शिकवणीबद्दल नाही. बरोबर असलेलं माणूस असं मागं सरकताना मी तोवर पाहिलं नव्हतं. आमच्या घरी नाही, कॉलेजात नाही. तू कुढली नाहीस, टोमणा मारला नाहीस. कूलरसमोर जाऊन बसलीस आणि "हाय गं, काय बरं वाटते" असं म्हणून खरोखर हसलीस.

संध्याकाळी शबाना तिची गादी ओढत तुझ्या दारात आली.

"तेरा चालू हाय ना? मग माझा बंद. सरक."

तिच्यामागून मी. मग बाकीच्या. तुझ्या खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही तेव्हा तूच म्हणालीस, बाई हो, चला त्या मोठ्या खोलीत. सात जणी, एक कूलर. शबानाला मोठ्यानं वाचायला ओटा दिला, माझ्या डोळ्यांवर ओढणीची पट्टी बांधली. भांडणं झाली, कुणाचा पाय कुणाच्या तोंडावर गेला, आणि मी जन्मात कधी हसले नसेन इतकी त्या उन्हाळ्यात हसले. शबानाचं मोठ्यानं वाचणं ऐकून ऐकून मला तिचा इतिहास पाठ झाला. टाकीत पाणी उरायला लागलं. मग तू फाटकाजवळच्या नळाला पाइप जोडलास आणि सकाळी हंडे घेऊन आलेल्या बायांना आत घेतलंस. त्यातल्या एकीनं शबानाच्या हातात कैरीच्या तक्कूची, म्हणजे किसलेल्या लोणच्याची, बरणी ठेवली, ती आपण सातही जणींनी चाटून संपवली.

परीक्षा संपल्यावर मी तुला आमच्या गावी नेलं. तिथं आपला तो वाद सुरू झाला, जो शेवटपर्यंत मिटला नाही.

आमच्या बागेतली विहीर आटली होती. संत्र्याच्या झाडांची पानं वळायला लागली होती. बाबांनी बोअरची गाडी बोलावली होती, आधीच्या बोअरहून खोल जायचं ठरलं होतं. तू ओसरीवर बसून ऐकत होतीस. तू काय विचारणार ते मला तुझ्या चेहऱ्यावरून कळत होतं. मी डोळ्यांनी सांगितलं, नको. तू विचारलंसच.

"बाबा, आनखी खोल गेलं तर शेजारच्या विहिरीचं पानी नाई ओढल्या जाणार?"

बाबांनी बागेकडे हात केला. "पोरी, हे झाडं पाह्यले तू? ही वैशू ह्याच झाडाईवर शिकून राहिली. उद्या हे वाळले तर शेजारी येऊन मले नवे झाडं लावून देन का?"

"नाई देणार."

"मंग?"

"मंग मले नाई मालूम," तू म्हणालीस. "पन विचारल्याशिवाय राहवलं नाई."

दुसऱ्या दिवशी बोअरला पाणी लागलं. राखाडी चिखल उडाला, मग पांढरं पाणी. बाबांच्या अंगावर शिंतोडे उडत होते आणि ते लहान पोरासारखे उभे होते. तू टाळ्या वाजवल्यास. मनापासून. तुझ्या डोळ्यांत पाणी होतं, ते मी पाहिलं. नंतर जेवताना हळूच म्हणालीस, "शेजारच्या नामदेवकाकाच्या विहिरीत पाहून याव का एकदा?" बाबा ताटावरून उठले. आईनं कपाळावर हात मारला.

मला वाटलं, संपलं. पण सकाळी बाबा तुला बाग दाखवायला घेऊन गेले. फक्त तुला. परत आलात तेव्हा दोघांच्या चपला चिखलानं भरलेल्या आणि वाद जोरात चाललेला. तू म्हणत होतीस, झाडाच्या बुडाशी तुरीचं कुटार, तो मळणीनंतरचा भुसा, पसरा, ओल टिकते. बाबा म्हणत होते, कुटार ढोरं खातात, तुही पपई नाई खात.

त्यानंतर दरवर्षी बहार आला की बाबा तुला फोन लावायचे. माझ्या फोनवरून. "दे त्या किरिस्तावाच्या पोरीले." आणि तासभर भांडायचे.

मी कोणाच्या बाजूनं होते, हे तू मला कितीदा विचारलंस. मी टाळत आले. आज सांगते, मी दोघांच्याही बाजूनं होते आणि अजून आहे. त्या बोअरनं मला शिकवलं, नोकरीला लावलं, बडनेऱ्याच्या शाळेत आज मी पोरांना भूगोल शिकवते ते त्याच पाण्यावर. आणि तुझा प्रश्नही मी त्याच पोरांना दरवर्षी विचारते. त्यांनाही उत्तर येत नाही. वर्गात मोठा गोंधळ होतो. मला तो गोंधळ आवडतो.

एक गोष्ट मात्र तुला सांगायची राहिली. सांगू नको म्हणून मला बाबांनी शपथ घातली होती. काही वर्षांपूर्वी नामदेवकाकांची विहीर भर उन्हाळ्यात आटली. त्यांचीही झाडं वळली. बाबांनी आपल्या बोअरवरून त्यांच्या बागेपर्यंत पाइप टाकला आणि एक दिवसाआड पाणी दिलं, पावसापर्यंत. आमच्या झाडांची फळं त्या वर्षी बारीक राहिली. आईनं विचारलं तर म्हणाले, "नामदेव भला मानूस हाय." मग माझ्याकडे वळून, "त्या पोरीले सांगू नको. डोक्यावर बसन."

तू गेल्याचं मी त्यांना त्याच दिवशी फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "माहा वाद अर्धाच राह्यला व."

तू शिकून झाल्यावर त्याच घराची गृहमाता झालीस. आम्ही सगळ्या म्हणालो, एवढी हुशार पोरगी, पोरींच्या भाज्या निवडत बसणार! तू म्हणालीस, दरवर्षी नव्या पोरी येतात, दरवर्षी त्यांच्याशी कूलरवरून भांडता येतं, यापेक्षा चांगली नोकरी कुठली? तुझ्या त्या पोरी दफनाला आल्या होत्या. कोण कोणत्या वर्षाची, मला कळत नव्हतं, पण सगळ्या एकमेकींना तुझ्यावरच्या तक्रारीच सांगत होत्या. एक म्हणाली, मॅडमनी मला संडास धुवायला शिकवला. दुसरी म्हणाली, मला पण, आणि मी कलेक्टर ऑफिसात आहे. मग दोघी गळ्यात पडून रडल्या.

आजार कळला तेव्हा तू अकोल्याला आईकडे आलीस. मी रविवारी बडनेऱ्याहून गाडी पकडून यायचे. पहिल्यांदा आले तेव्हा तू स्टँडला लावलेल्या सलाइनकडे बोट दाखवलंस.

"पाह्य वैशू. बाटली प्लास्टिकची, नळी प्लास्टिकची, सुईवर टोपी प्लास्टिकची. जल्मभर पिशव्या धुऊन वाळत घातल्या, अन् एका आठवड्यात सगळी कमाई उडवून टाकली."

तू हसत होतीस, पण तुला ते लागलं होतं. एका रविवारी तू औषध नको म्हणून बसलीस. तुझी आई दारात उभी, तोंडाला पदर लावून. मी मावशींना बाहेर पाठवलं आणि तुझ्याशी भांडले, पूर्वीसारखी.

"हे शरीर तुह्या नावावर हाय का?" मी विचारलं. "राखणच करायची ना? मग कर. आमी सगळे इथं जागले कायले हाओ? आज तू झोप. आमाले जागू दे."

तू माझ्याकडे पाहिलंस. मग म्हणालीस, "मले कोनी राखावं, हे मले जमतच नाई व."

"शीक."

तू शिकलीस. शेवटचे महिने तू आईला केस विंचरू दिलेस. डोक्यावर उरलेले चार केस, पण ती रोज विंचरायची. शबानानं आणलेला बिर्याणीचा डबा उघडून, एकही घास न खाता, तू नुसता वास घेतलास आणि म्हणालीस, जेवले. माझ्या हातून पाणी प्यायलीस. देणाऱ्या बाईला घेता आलं, आणि ते घेताना तू आम्हाला किती दिलंस, ते सांगायला माझ्याकडे शब्द नाहीत. मी फक्त "थँक्यू" म्हणायला हवं होतं. तेही म्हटलं नाही. मैत्रिणीला कोण थँक्यू म्हणतं?

थँक्यू, रूथ.

आता हे शेवटचं सांगते. तू आईला सांगून ठेवलं होतंस की माझ्यावर फरशी बसवू नका, नुसती माती राहू द्या. मावशी तेव्हा हो म्हणाल्या होत्या. तू गेल्यावर त्यांनी काळा ग्रॅनाइट पसंत केला. मला फोन केला, "तू ये. पन मले समजवाले येऊ नको."

काल आम्ही दोघी कबरस्तानात गेलो. चैत्राचं ऊन तापलं होतं. तुझ्या बाबांची कबर संगमरवरी, शेजारी तुझी, उघडी, माती अजून फुगलेली.

"अशी ठेवली तर लोक म्हणतीन आईनं पोरीले टाकून देलं," मावशी म्हणाल्या. "अन् मले बसाले जागा पाहिजे. माहे गुडघे गेले. ह्याईच्या फरशीवर बसते ना मी, तशी हिच्यावर बसीन."

मी समजवायला गेले नाही. तुझी इच्छा त्यांना माझ्याहून जास्त माहीत होती.

त्या नेहमीप्रमाणे तुझ्या बाबांच्या कबरीच्या काठावर टेकायला गेल्या आणि चटका बसून उठल्या. "आई गं! तवा झाला व ह्याचा." इकडंतिकडं पाहिलं. सावली कुठं नव्हती. उभं राहवत नव्हतं. मग माझा हात धरून, हळूहळू, एकेक गुडघा दुमडत त्या तुझ्याजवळ मातीवर बसल्या. हात टेकला. थोडी माती उकरून तळवा आत घातला.

"आतून गार हाय," म्हणाल्या.

बराच वेळ त्यांचा हात तिथंच होता. जन्मभर पेशंटच्या कपाळावर हात ठेवून ताप पाहिलेली ती बाई.

"त्या ग्रॅनाइटवाल्याले फोन लाव," त्या म्हणाल्या. "सांग, नाव लिहायपुरता एक दगड दे. डोक्याशी. बाकी राहू दे असंच." मग माझ्याकडे वळल्या. "लय तरास देला ना तिनं तुमाले?"

"लय," मी म्हटलं. "लय देला मावशी."

"मले तर जल्मापासून."

आणि त्या हसायला लागल्या, मग मीही. भर उन्हात, कबरस्तानात, दोघी तोंडावर हात धरून. हसू थांबल्यावर त्यांनी हात पुढं केला आणि मी त्यांना उठवलं. पांढऱ्या लुगड्याला मागून माती लागली होती. मी झटकायला गेले तर त्यांनी माझा हात बाजूला केला.

"राहू दे," म्हणाल्या. आणि तशाच फाटकाकडे चालू लागल्या.